लाइट लागेपर्यंत

माझा स्वभाव तापट आहे हे मला कुणी नव्यानं सांगायला नको. घरात रोज ऐकतो. पण तापट माणसाच्या पोटात काही राहत नाही, तो बोलून मोकळा होतो, असं स्वतःचं कौतुक मी आयुष्यभर करत आलो. समोरचा मोकळा होतो का, हे बघायला मात्र मी कधी थांबलो नाही. वीरण्णाच्या बाबतीतही थांबलो नाही.

वीरण्णा आणि मी एकाच वर्षी नांदेडच्या पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून लागलो. तो निलंग्याकडचा, मी इथलाच, वजिराबादचा. ओळख होऊन आठ दिवस झाले नसतील, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आम्ही बाराच्या शोला गेलो आणि बाहेर आल्यावर रस्त्यात असे भांडलो की एक पानवाला ठेला सोडून आम्हाला सोडवायला आला. मला सिनेमा थोर वाटला होता, त्याला भिकार. पुढच्या शुक्रवारी उलटं झालं. तिसऱ्या शुक्रवारी दोघांच्याही लक्षात आलं की आपण सिनेमाला जातो ते नंतरच्या चहासाठी.

चहा स्टेशनजवळ मलप्पाच्या हॉटेलात व्हायचा. तिथंच वीरण्णानं नियम केले. पहिला नियम माझ्यामुळे झाला. स्टँडवरून सायकल लवकर निघावी म्हणून मी शेवटच्या दोन-चार मिनिटांत उठायचो, आणि तरी शेवटावर तावातावानं बोलायचो. वीरण्णानं एकदा कप खाली ठेवला आणि म्हणाला, "लाइट लागेपर्यंत जो बसला न्हाई, त्याला बोलायचा हक न्हाई. आजपासून." दुसरा नियम असा की चहावर होकार चालणार नाही. "मान डोलवायची आसंल तर कीर्तनाला जा. सिनेमाला कशाला येतोस?" हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं.

नियमाला तो पक्का होता. आमच्याच खात्यातला भागवत नावाचा एक जण दोन-तीन वर्षं आमच्यात यायचा. एकदा तो सिनेमा न बघता, पेपरात वाचून आलेलं मत बोलून गेला. वीरण्णानं त्याला तीन प्रश्न विचारले, तिसऱ्याला भागवत अडकला. त्याचा अर्धा चहा तसाच राहिला आणि त्यानंतर तो कधी त्या टेबलावर बसला नाही. मला वाईट वाटलं होतं. वीरण्णा म्हणाला, "जे डोळ्यानं बघितलं न्हाई त्याच्यावर भांडायचं म्हणजे नुसती तोंडाची वाफ."

तिसरे किशनराव. अर्धापूरचे, केळीचे बागाईतदार. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी इंटरव्हलमध्ये आम्ही दोघं वाद घालत होतो तेव्हा मागच्या खुर्चीवरून आवाज आला, "दोघंबी चुकायलाव तुम्ही. सगळा दोष त्या हिरोइनीच्या बापाचा हाय, त्याचं कुणी नावच काढंना." शो सुटल्यावर वीरण्णानं त्यांना हाताला धरून मलप्पाकडे आणलं. तेव्हापासून शुक्रवारी किशनरावांना नांदेडला काहीतरी काम निघतंच.

आम्ही सिनेमांना त्यांच्या नावानं कधी ओळखलं नाही. 'विहिरीचा', 'लंगड्या वकिलाचा', 'ते पोरगं सारखं रडतं तो', अशी आमची नावं. पोस्टरवरचं नाव आठवड्यात विसरून जायचं, आमचं राहायचं.

वीरण्णा निवृत्त झाला, त्याची बायको अंबिका वारली, आणि मुलानं त्याला लातूरला नेलं, त्याला आठ वर्षं झाली. चहा बंद पडेल असं मला वाटलं होतं. पण वीरण्णानंच तोड काढली. जो सिनेमा नांदेडला लागेल तोच लातूरला लागला असेल तर तिघांनी त्याच दिवशी बाराचा शो बघायचा आणि साडेतीनला फोन. एकीकडेच लागला तर त्या शुक्रवारी उपास. किशनराव माझा फोन स्पीकरवर लावून स्टीलच्या रिकाम्या ग्लासात उभा करायचे, म्हणजे आवाज मोठा येतो. मग टेबलावर दोन कप आणि एक बोलता ग्लास. मलप्पा गेला, आता त्याचा मुलगा गल्ल्यावर बसतो, पण तोही त्या ग्लासाला हात लावत नाही.

गेल्या दीड वर्षात काही गोष्टी बदलल्या होत्या. मला त्या दिसल्या, पण मी त्यांची टिंगल केली. आमच्या मोबाइलच्या ग्रुपवर वीरण्णा पूर्वी ओळीच्या ओळी लिहायचा. ते बंद झालं आणि नुसता आवाज पाठवायला लागला. मी लिहिलं, "रावसाहेबांची बोटं झिजली वाटतं." फोटो पाठवले तर त्यावर त्याचं काही उत्तर नसायचं. आणि तो वाद घालायचा तो अशा गोष्टींवर, ज्या आम्हा दोघांच्या गावीही नसायच्या.

'दोन जावांचा' सिनेमा मला चांगला आठवतो. मी आणि किशनरावांनी थोरल्या जावेला पार उभी-आडवी झोडली होती. ग्लासातून वीरण्णा म्हणाला, "थोरली वाईट न्हाई. इंटरव्हलनंतर तिच्या हातात बांगड्या न्हाईत. धाकटीच्या बाळंतपणाच्या खर्चाला मोडल्यात तिनं. डायरेक्टर बोलून दाखवत न्हाई, तुम्ही बगत न्हाईत." मी म्हणालो, काहीतरीच तुझं. पुढं दोन महिन्यांनी तो सिनेमा टीव्हीवर लागला तेव्हा मी मुद्दाम बघितलं. थोरलीचे हात खरोखर मोकळे होते. हे मी त्याला कळवलं नाही. आमच्यात तशी पद्धत नव्हती.

मग त्या एसटी ड्रायव्हरचा सिनेमा आला. निवृत्त ड्रायव्हर, एकुलती एक मुलगी, ती मनाविरुद्ध लग्न करून निघून जाते. बाप दार लावून घेतो आणि पुढं सगळा सिनेमा तो तिच्या नावाचा उच्चारही करत नाही, फक्त संध्याकाळी दाराची कडी काढून ठेवतो. बाराच्या शोला आम्ही धरून सोळा-सतरा माणसं असतील. शेवटी किशनरावांनी पंच्यानं डोळे पुसले. मी पुसले नाहीत, कारण मला हा शेवट गुळचट वाटला होता आणि कधी एकदा मलप्पाकडे जाऊन तसं म्हणतो असं झालं होतं.

"वीरण्णा, आज सुरुवात तुमची," किशनराव ग्लासावर वाकून म्हणाले.

"लई दिवसांनी खरा सिनेमा बगितला," ग्लासातून आवाज आला. "शेवट तर कळस हाय. दुसरा कुणी आसता तर लेकीला आणून बापाच्या पायावर घातली आसती. ह्यानं आणली न्हाई. कडी वाजती, बाप खोकतो, अन् संपलं. हट्टापायी एकटाच गेला बिचारा. आसंच व्हतं जगात."

मी आणि किशनराव एकमेकांकडे बघायला लागलो.

"वीरण्णा, ती येते," मी म्हणालो.

"कोण?"

"मुलगी. कडी वाजते ती तीच वाजवते. दार उघडतं, ती दारात उभी. चांगली दोन मिनिटं उभी आहे पडद्यावर. कुणी काही बोलत नाही, संगीत नाही, काही नाही. बाप तिच्या चपला सरकवून आपल्या चपलांशेजारी लावतो, तिथं सिनेमा संपतो."

ग्लास हळूच म्हणाला, "न्हाई येत ती."

"अरे न्हाई येत काय? आम्ही दोघांनी बघितलं. मधूनच उठलास ना? खरं सांग."

"लाइट लागेपर्यंत बसलो व्हतो मी."

"मग डोळे फुटले होते का तुझे?"

हे मी बोललो. आपल्याकडे दिवसातून दहादा कुणीतरी कुणाला तरी असं बोलतं. माझी बायको मला बोलते. पण ते मी ज्याला बोललो त्याला बोललो, आणि आता ते परत घेता येत नाही.

"तसंच समज," वीरण्णा म्हणाला.

तो तडकला असता तर मीही थंड झालो असतो. त्याचं ते गरीब बोलणं ऐकून माझं डोकं जास्तच फिरलं. खोटं पकडलं की माणूस असाच नरम पडतो, असं मला वाटलं. मी म्हणालो, तू गेलाच नाहीस सिनेमाला. कुणाकडून तरी अर्धीमुर्धी गोष्ट ऐकतोस आणि आम्हाला शहाणपण शिकवतोस. गेले कित्येक महिने हेच चाललंय तुझं, लिहीत नाहीस, धड काही सांगत नाहीस. भागवतला ज्यानं भरल्या हॉटेलात उठवलं तोच आता भागवत झाला. किशनराव माझ्या दंडाला धरत होते. मी ग्लासातून फोन काढला आणि बंद केला. मग तिथंच बसून, चहा निवत असताना, वीरण्णाला ग्रुपमधून काढून टाकलं. ग्रुपचा मुखत्यार मीच होतो.

किशनराव उठताना म्हणाले, "माणूस काढलाव वसंतराव तुम्ही. सिनेमासाठी."

मी त्यांनाही नियम ऐकवला.

पुढचे चार शुक्रवार आम्ही दोघंच गेलो. किशनराव भांडखोर नाहीत. वीरण्णा मला उचकवायचा, मी वीरण्णाला, आणि किशनराव मधून दोघांनाही चुकीचं ठरवायचे, अशी ती तिपाई होती. एक पाय गेला. चौथ्या शुक्रवारी मी म्हणालो, सिनेमा बरा होता. ते म्हणाले, हाव, बरा व्हता. मग आम्ही पावसापाण्याचं बोललो आणि साडेतीनच्या आधीच उठलो. ग्लास पालथा तसाच टेबलावर होता.

मला त्याची आठवण येत होती. हे आता लिहायला सोपं आहे. तेव्हा मी बायकोजवळही कबूल केलं नसतं. फोन त्यानं करावा, चूक त्याची आहे, असं मी धरून बसलो होतो.

पाचव्या आठवड्यात किशनराव गुरुवारीच घरी आले. पिशवीत केळीची मोठी फणी होती. "लातूरला कोण जातंय, तुम्ही का मी?" एवढंच म्हणाले. मी पिशवी घेतली.

रविवारी सकाळच्या गाडीनं निघालो. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, आणि मी मनातल्या मनात बोलणं जुळवत होतो. चल, झालं गेलं गंगेला मिळालं, तुला माफ केलं, असं काहीतरी मोठ्या मनाचं मी ठरवलं होतं. चाकूरला गाडी थांबली तेव्हा त्यात आणखी एक टोमणा घातला.

औसा रोडच्या आतल्या बाजूला त्याच्या मुलाचं घर आहे. सून शिल्पा, शाळेत शिक्षिका आहे, तिनं दार उघडलं. मला बघून तिचा चेहरा उतरला, तरी "या काका" म्हणाली. वीरण्णा व्हरांड्यात खुर्चीवर बसला होता. पांढरा स्वच्छ सदरा, कपाळाला विभूती, चेहरा दाराकडे. अगदी नेहमीसारखा. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि त्यानं माझ्याकडे बघत विचारलं, "कोण आलंय गं शिल्पा?"

मला वाटलं, राग दाखवतोय. मीही ताठ्यात काही न बोलता पिशवी पुढं केली. त्याचा हात आला तो पिशवीच्या वीतभर उजवीकडून आला आणि हवेतच चाचपत राहिला. मग पिशवीला लागला, आत गेला, केळीवरून फिरला.

"अर्धापूरचा माल हाय," तो म्हणाला. "किशनराव आसते तर बोलले आसते. म्हंजे वसंता. बोल की. का बोलायचंबी बंद केलास?"

माझं जुळवलेलं सगळं चाकूरलाच राहिलं. मी खाली पायरीवर बसलो.

पाणी प्यायला म्हणून शिल्पानं मला आत नेलं आणि स्वयंपाकघरात उभं राहून सगळं सांगितलं. साखरेनं आधी एक डोळा गेला, मग दुसरा. दोनदा ऑपरेशन झालं, उपयोग झाला नाही. दीड वर्ष झालं पूर्ण अंधार होऊन. "तुम्हाला कळवायचं नाही म्हणून आम्हाला शपथ घातली होती. म्हणायचे, वसंताला कळलं तर माझं टेबलावरचं नाव जाईल. बघितल्याशिवाय बोलायचं नाही, हा नियम मीच केलाय. दर शुक्रवारी सकाळची शाळा सुटली की मी त्यांना गाडीवर टॉकीजला सोडायची. दारावरच्या माणसाला सांगून ठेवलं होतं त्यांनी, लाइट लागली की खांद्याला हात लाव, तोवर मी उठत नाही. लोक निघून जायचे, हे बसून असायचे."

"आणि आता?" मी विचारलं.

"पाच आठवडे झाले, जातच नाहीत." ती गॅसकडे बघत होती. "काका, त्या दिवशी तुम्ही जे बोललात ते मी ऐकलं. इकडेही फोन स्पीकरवरच असतो."

मनात एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली होती. थोरल्या जावेच्या बांगड्या त्यानं बघितल्या नव्हत्या. त्या वाजायच्या थांबल्या, ते त्यानं ऐकलं होतं. आम्ही दोघं धडधाकट डोळ्यांनी समोर बसून काय बघत होतो, कोण जाणे.

बाहेर आलो आणि त्याच्याजवळ खुर्ची ओढली. "वीरण्णा, चुकलो मी," म्हणालो. एवढ्या वर्षांत हे वाक्य मी त्याच्याशी कधी बोललो नव्हतो आणि ते तोंडात नीट बसतही नव्हतं.

"तू कशाला चुकलास? नियमानं वागलास. बगितला न्हाई तर न्हाई."

"बघितलास तू. आमच्यापेक्षा जास्त बघितलास."

"बरं आता साखर नको पेरू. आधीच लई झालीय अंगात." तो हसला. मला हसता आलं नाही.

मी म्हणालो, मी येत जातो लातूरला. महिन्यातून एक शुक्रवार. शेजारी बसतो आणि पडद्यावर दिसेल ते सगळं कानात सांगतो. त्यानं मान हलवली.

"तू सांगशील ते तुझं बगणं आसंल, वसंता. तुझ्याच तोंडून ऐकायचं अन् तुझ्याशीच भांडायचं, ते कशावर? भांडायला मला माझं काहीतरी लागतंय का न्हाई?"

शिल्पानं चहा आणून ठेवला. कपाची कड हाताला लागेपर्यंत त्यानं बोटं ताटलीवरून फिरवली आणि बरोबर उचलला. एक घोट घेतल्यावर त्याचा चेहरा जरा बदलला. मलप्पाच्या टेबलावर बसल्यासारखा तो पुढं वाकला.

"खरंच आली व्हती ती?"

"आली होती."

"सांग. काय न सोडता सांग."

मी सांगितलं. दार, बाहेरचा उजेड, मुलीच्या हातातली पिशवी, बापाचा खोकला. ती चपला काढते, आत येऊ का नको अशी उभी राहते. बाप तिच्याकडे बघत नाही, खाली बघतो. मग तिच्या चपला सरकवून आपल्यांशेजारी लावतो.

"हातानं का पायानं?"

"काय?"

"चपला. हातानं सरकवतो का पायानं?"

मला आठवेना. चांगले डोळे उघडे ठेवून तो शेवट मी बघितला होता, त्याच्यावर कडाकडा भांडलो होतो, एका माणसाला घालवला होता, आणि मला आठवेना. तो वाट बघत होता. त्याला बरं वाटेल असं काय, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

"हातानं," मी म्हणालो. "वाकून. दोन्ही हातांनी."

वीरण्णानं कप खाली ठेवला. "मग खोटा हाय शेवट. सगळा सिनेमाभर ज्यानं लेकीचं नाव घेतलं न्हाई, तो वाकून तिच्या चपलेला हात लावणार न्हाई. पायानं सरकवल्या आसत्या तर मी मानलं आसतं. पायानं म्हंजे राग बी हाय अन् ये बी हाय. हातानं म्हंजे नुसतं रडगाणं. ह्याच्यापेक्षा ती आली नसती तेच बरं व्हतं. बोल."

आवाज पूर्वीचा होता. बोट माझ्यावर रोखलेलं होतं, थोडं बाजूला, पण रोखलेलं. आणि मी त्या डोळ्यांकडे बघितलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बरोबर आहे तुझं, वीरण्णा. ती यायलाच नको होती."

त्याचं बोट हळूहळू खाली आलं.

"काय म्हणालास?"

"बरोबर आहे म्हणालो. पटलं मला."

रस्त्यावरून एक भाजीवाली ओरडत गेली, तिचा आवाज पार कोपऱ्यावर जाईपर्यंत तो तिकडे तोंड करून होता. मग म्हणाला, "चाळीस वर्षांत तुला माझं एक पटलं न्हाई. आज पटलं." थोड्या वेळानं म्हणाला, "चहा निवायलाय, पी. तीनची गाडी हाय तुला."

काय झालं ते मला तिथंच कळलं, पण ते मागं कसं घ्यायचं ते कळलं नाही. निघताना मी त्याचे दोन्ही हात धरले. त्यानं ते सोडवून घेतले नाहीत, दाबलेही नाहीत.

सिनेमा तोपर्यंत टॉकीजमधून उतरला होता. माझ्या मुलीनं, तनुजानं, तो घरच्या टीव्हीवर कुठून तरी लावून दिला. मी शेवट तेवढा चारदा बघितला. बाप पायानं सरकवतो. उजव्या पायाच्या अंगठ्यानं, तिच्याकडे न बघता, एक चप्पल, मग दुसरी. वीरण्णानं जसा मागितला होता अगदी तसाच शेवट होता तो. सिनेमा त्याचाच होता आणि मी त्याला दुसराच सांगून आलो होतो.

शुक्रवारी सिनेमाला न जाता मी तीनलाच मलप्पाकडे जाऊन बसलो. किशनरावांना सगळं सांगितलं. त्यांनी ग्लास सुलटा केला, फोन त्यात ठेवला. साडेतीनला मी लावला. शिल्पानं उचलून त्याच्या हातात दिला असावा.

"वीरण्णा, ऐक," मी म्हणालो. "पायानं सरकवतो तो. अंगठ्यानं. मी पुन्हा बघितलं. त्या दिवशी मला आठवत नव्हतं म्हणून मी खोटं सांगितलं. पायानं असेल तर मानतो म्हणालास ना? आता मान. ती आली आणि ते बरोबर आहे. आणि तरी मला तो शेवट गुळचटच वाटतो, आणि तुला त्यातलं ओ की ठो कळत नाही. बोल आता काय बोलायचं ते."

किशनराव ग्लासावर वाकले होते. मी जन्मात बोललो नसेन इतकं खरं बोलत होतो. पण ते खरं आहे का त्याला बरं वाटावं म्हणून रचलेलं आहे, हे बघायला त्याच्याकडे आता माझ्या शब्दाशिवाय दुसरं काही नव्हतं, आणि तो शब्द मी गेल्या रविवारी त्याच्या व्हरांड्यात वाया घालवून आलो होतो.

"हाव," वीरण्णा म्हणाला. आवाजात राग नव्हता. "तू म्हणतोस तर आसंल, वसंता."

"असं नाही. भांड की माझ्याशी."

"आसंल की बाबा. तुझंच बरोबर." मग त्यानं किशनरावांना विचारलं, यंदा केळी कशी हाय. किशनराव म्हणाले, बरी हाय. तो म्हणाला, फणी लई गोड निघाली, शिल्पाला सांगून सगळ्यांना वाटली. मग, बरं ठेवतो, म्हणाला.

किशनरावांनी ग्लासातून फोन काढला, पंच्यानं पुसला आणि माझ्यासमोर ठेवला. मलप्पाच्या मुलानं विचारलं, "ग्लास नेऊ का?" आम्ही दोघांनीही मान डोलवली, तो ग्लास घेऊन गेला.